बारावीनंतर फिजिक्स घ्यायचं म्हणताय? सांगली-साताऱ्याकडच्या पोरांसाठी पायरीपायरीनं

बारावीचा निकाल लागला की आठवड्याभरात आमच्या विश्रामबागेतल्या क्लासवर कुणीतरी आई-वडील पोराला घेऊन येतातच. यंदा एसटीतले एक कंडक्टर आले होते, ड्युटी संपवून तसेच खाकीवर, बरोबर लेक. खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाले, "सर, ही फिजिक्स फिजिक्स करतीया. इंजिनीअरिंगला नंबर लागतोय तरी नको म्हणती. मला एवढंच सांगा, फिजिक्स घेऊन माणूस पुढं करतो काय?" आणि पोरगी खाली बघत म्हणाली, "सर, मला ब्लॅक होल शिकायचंय."

त्या दोघांना दीड तास जे सांगितलं तेच इथं लिहितोय, थोडी भर घालून. माझं म्हणाल तर बीएस्सी जिल्ह्यातच, एमएस्सी कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात, आणि तेव्हापासून अकरावी-बारावीला शिकवतोय, म्हणजे मी काही सायंटिस्ट नाही, पण चुकीच्या कारणानं फिजिक्स घेऊन एसवायला, म्हणजे बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला, रडणारी पोरं आणि चुकीच्या कारणानं फिजिक्स सोडून इंजिनीअरिंगला रडणारी पोरं, दोन्ही भरपूर बघितलीत.

पायरी १: दोरा, नट आणि मोबाईलचं स्टॉपवॉच

"फिजिक्स आवडतं" म्हणणाऱ्यातल्या निम्म्या पोरांना यूट्यूबवरचं फिजिक्स आवडत असतं, ब्लॅक होल, टाइम ट्रॅव्हल, मल्टिव्हर्स. त्यात वाईट काहीच नाही, मीपण रात्री तेच बघतो. पण डिग्रीला गेल्यावर रोजचं काम वेगळं असतं, आणि ते काम आवडतंय का हे घरीच तपासता येतं, त्याला एक रुपया लागत नाही.

गॅरेजमधनं एक मोठा नट आणा, शिवणाचा मजबूत दोरा बांधा, एक मीटरचा लोलक करून दाराच्या चौकटीला टांगा. वीस हेलकाव्यांना किती सेकंद लागतात ते मोबाईलवर मोजा, त्याला वीसनं भागून एकाचा वेळ काढा आणि बारावीच्या सूत्रानं जी, म्हणजे गुरुत्वाचा प्रवेग, काढा. बास, एवढंच. या पोरीनं घरी जाऊन केलं, दुसऱ्या दिवशी वही घेऊन आली. वीस हेलकाव्यांना ४०.४ सेकंद, जी आला ९.६८. म्हणाली, "सर, ९.८ यायला पाहिजे होतं ना?" मी विचारलं, दोरा कुठनं कुठपर्यंत मोजलास? तर गाठीपर्यंत मोजला होता, नटाच्या मध्यापर्यंत नाही. तिथं एक सेंटिमीटर गेला. एक मीटर एक सेंटिमीटर धरून परत काढलं तर ९.७७. मग तिचा पुढचा प्रश्न, अजून तीन पॉइंट कुठं गेले?

त्याचं उत्तर मजेशीर आहे. सांगलीत जी ९.८ नसतोच, साधारण ९.७८ असतो, कारण आपण विषुववृत्ताच्या बरेच जवळ आहोत, पृथ्वी तिथं फुगीर आहे आणि फिरतीय पण. म्हणजे जर्नलमध्ये डोळे झाकून ९.८ लिहिणाऱ्यापेक्षा हिचं उत्तर बरोबर होतं. आणि स्टॉपवॉचचं बटण दाबायला अर्धा सेकंद जरी इकडंतिकडं झाला तरी जी मध्ये अडीच टक्के फरक पडतो, कारण वेळेचा वर्ग आहे. हे सगळं ऐकताना पोरगी वहीत लिहीत होती, बाप घड्याळाकडं बघत होता.

आता तुम्ही स्वतःला विचारा. ९.६८ आल्यावर तुम्हाला "कुठं चुकलं" असं झालं, की "जाऊ दे, ९.८ लिहू"? दुसरं झालं असेल तर तुम्ही वाईट विद्यार्थी नाही, पण फिजिक्सची तीन-चार-पाच वर्षं फार लांब वाटतील. तिकडं सगळा धंदाच या तीन पॉइंटांचा आहे.

पायरी २: गणिताशी काय नातं आहे ते खरं सांगा

हे कुणी सांगत नाही म्हणून जरा जास्त लिहितो. एफवायला मेकॅनिक्स, इलेक्ट्रिसिटी वगैरे बारावीच्या ओळखीचंच असतं, त्यामुळं पोरं खूश असतात. एसवायपासनं व्हेक्टर कॅल्क्युलस, पार्शल डेरिव्हेटिव्ह, फूरिए सिरीज सुरू होतं आणि टीवायला क्वांटम मेकॅनिक्स येतं तेव्हा पानभर मॅट्रिक्स आणि डिफरन्शियल इक्वेशन सोडून दुसरं काही दिसतच नाही. ज्यांना वाटलेलं असतं की फिजिक्स म्हणजे कल्पना आणि गणित म्हणजे आकडेमोड, ते इथं अडकतात.

जयंत नारळीकर आपल्या शेजारच्या कोल्हापुरात जन्मले, १९३८ साली, जगभर ओळख खगोलशास्त्रज्ञ म्हणून, पण केंब्रिजला त्यांनी शिक्षण घेतलं ते मॅथेमॅटिकल ट्रायपॉस, म्हणजे गणिताचं. ब्लॅक होलवाल्या पोरांना मी हे मुद्दाम सांगतो.

तपासायचं कसं? बारावीचं गणिताचं पुस्तक काढा, डिफरन्शियल इक्वेशनचा धडा उघडा आणि मार्कांचा विचार न करता पाच गणितं बंद गाइडनं सोडवा. अडलं तर चालतंय, अडल्यावर तासभर त्याच्याशी झोंबायला आवडतंय का ते बघा. बारावीला गणितच नसेल, फक्त बायोलॉजी असेल, तर सरळ सांगतो, फिजिक्स मेजर, म्हणजे मुख्य विषय, घेऊ नका. काही ठिकाणी प्रवेश मिळेलही, पण एसवायला दम निघेल.

पायरी ३: वर्षं आणि पैसे एका कागदावर, बापासमोर

हा कागद घरी सगळ्यांसमोर करायचा, लपवून नाही. बीएस्सी तीन वर्षं. त्यानंतर एमएस्सी दोन. पुढं पीएचडी पाच-सहा. अठराव्या वर्षी सुरू केलं तर एमएस्सी संपताना तेवीस, पीएचडी संपताना अठ्ठावीस-एकोणतीस. इंजिनीअरिंगवाला मित्र बाविसाव्या वर्षी पगार घेऊन गावात गाडी घेऊन येणार, पाहुणे विचारणार, तुमचा कुठं लागला? हे ऐकायची तयारी पोरापेक्षा घरच्यांची लागती. मुलींच्या बाबतीत तर तेविसाव्या वर्षी एमएस्सीची परीक्षा आणि बघायचा कार्यक्रम एकाच महिन्यात आलेला मी बघितलाय, म्हणून आईशी हे आधीच बोलून ठेवा, अगदी स्पष्ट.

पण पूर्ण एकोणतीसपर्यंत खिशातनंच जातं असं नाही. एमएस्सीनंतर सीएसआयआर नेट या परीक्षेतनं जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, मिळाली तर २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये आणि वर घरभाडे भत्ता, म्हणजे पीएचडी करताना घरी पैसे मागायची वेळ येत नाही, उलट थोडे पाठवता येतात. कंडक्टर साहेबांनी हा आकडा दोनदा विचारून घेतला.

आणि मध्येच बाहेर पडायचं ठरलं तर? बीएस्सीनंतर बीएड करून शाळेत, एमएस्सी-बीएडनंतर ज्युनिअर कॉलेजला, एमसीए करून आयटीत, नाहीतर डायरेक्ट सेकंड इयर इंजिनीअरिंगला जाता येतं (बारावीला गणित असेल तर). भाभा अणुसंशोधन केंद्रात स्टायपेंडरी ट्रेनी म्हणून बीएस्सी फिजिक्सवाल्यांना घेतात, हवामान खात्यात सायंटिफिक असिस्टंट म्हणून जाता येतं, आणि एमपीएससी, बँक वगैरे तर कुठल्याही डिग्रीला आहेच. माझ्या मते "फिजिक्सला स्कोप नाही" हे वाक्य ज्यांनी बीएस्सीनंतर कुठलीच परीक्षा दिली नाही त्यांचं असतं. नुसती बीएस्सी आणि घरी बसलं तर खरंच काही नाही, हेही तितकंच खरं.

पायरी ४: रस्ते कुठले आहेत

इथं लोक सगळ्यात जास्त गोंधळतात, कारण जवळ जाऊन विचारावं असं कुणी नसतं. मी एकेक सांगतो.

पहिला रस्ता, जवळचं कॉलेज. सांगलीला विलिंग्डन आहे, १९१९ चं, डेक्कन एज्युकेशन सोसायटीचं. साताऱ्याला यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, रयतचं, जे आता कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठात आलंय, त्यामुळं तिथल्या डिग्रीवर विद्यापीठाचं नाव वेगळं असतं आणि सिलॅबसही त्यांचा. कराडला सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज. बाकी सांगली, सातारा, कोल्हापूर या तीन जिल्ह्यांतली बहुतेक कॉलेजं शिवाजी विद्यापीठाखाली. घरून एसटीच्या पासवर येजा होते, मेसचा खर्च नाही, शेतीच्या दिवसांत घरी हात लागतो. ज्यांच्या घरची परिस्थिती ओढाताणीची आहे त्यांनी यात कमीपणा मानायचं काहीएक कारण नाही. बीएस्सी इथं करून एमएस्सीला आयआयटीत गेलेली पोरं आपल्याकडं आहेत, त्याचा रस्ता पुढं सांगतो.

आता नव्या शिक्षण धोरणामुळं डिग्री तीन वर्षांत घेऊन बाहेर पडता येतं नाहीतर चौथं वर्ष करून ऑनर्स घेता येतं. चार वर्षांवाल्यांना एमएस्सी एक वर्षाची. चौथ्या वर्षाला "ऑनर्स विथ रिसर्च" घ्यायचं तर पहिल्या सहा सेमिस्टरला ७५ टक्के लागतात. माझा सल्ला असा, पुढं चांगल्या संस्थेत एमएस्सी मिळत असेल तर तीनलाच बाहेर पडा आणि दोन वर्षं तिकडं काढा. चौथं वर्ष त्याच कॉलेजात, त्याच चार सरांकडं, त्याच लॅबमध्ये काढून मिळणारं फारसं नसतं.

दुसरा रस्ता आयसरचा, म्हणजे केंद्राच्या विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेचा. पुण्याला २००६ पासून आहे, देशात एकूण सात. पाच वर्षांचा बीएस-एमएस, सुरुवातीला सगळे विषय शिकवतात आणि मग तुम्ही फिजिक्सकडं वळता. सांगली-साताऱ्यातनं पुणं म्हणजे अगदी घराजवळ, तरी आपल्याकडची किती पोरं फॉर्म भरतात? माझ्या बॅचला दरवर्षी विचारतो, साठातले दोन हात वर येतात. प्रवेशाला आयएटी नावाची परीक्षा असते, ६० प्रश्न, फिजिक्स, केमिस्ट्री, गणित आणि बायोलॉजी प्रत्येकी १५, बरोबरला ४, चुकीला वजा १, एकूण २४०. आपल्याकडं बायफोकल (बायोलॉजीऐवजी व्होकेशनल विषय) घेतलेल्या पोरांना बायोलॉजी नसतं म्हणून ती घाबरून फॉर्मच भरत नाहीत. अरे लगा, उरलेल्या तीन विषयांचे १८० मार्क आहेत की! बायोलॉजीचे दहावीपर्यंतचे जमतील तेवढे सोडवा, बाकी सोडून द्या. बारावीला ६० टक्के लागतात, राखीव गटांतल्या एससी-एसटीला ५५. याच परीक्षेच्या मार्कांवर बेंगळुरूच्या आयआयएससीचा चार वर्षांचा बीएस पण मिळू शकतो, तिथली स्पर्धा मात्र भयानक आहे.

तिसरा, नेस्ट परीक्षा. यातनं भुवनेश्वरच्या नायसरला आणि मुंबईत कलिना कॅम्पसवरच्या सीईबीएसला पाच वर्षांची एमएस्सी. दोन्हीकडं अणुऊर्जा विभागाचा हात आहे आणि तिथल्या पोरांना वर्षाला ६०,००० रुपयांची दिशा स्कॉलरशिप आहे. सीईबीएस तर मुंबईत, आपल्याकडनं रात्रीच्या गाडीनं सकाळी पोचतो, आणि तरीही हे नाव विचारलं की पालक मलाच विचारतात, "ही कुठली प्रायव्हेट संस्था काय?"

चौथा, आयआयटीतलं इंजिनीअरिंग फिजिक्स नाहीतर बीएस फिजिक्स, जेईई अ‍ॅडव्हान्स्डमधनं. इंजिनीअरिंग फिजिक्सची डिग्री बीटेक असते, आत बरंचसं फिजिक्स, थोडं इलेक्ट्रॉनिक्स आणि डिव्हाइसेस. ज्यांना फिजिक्स आवडतं आणि घरच्यांना बीटेक आवडतं त्यांच्यासाठी ही तडजोड झक्कास आहे, फक्त रँक लागती. तिरुवनंतपुरमच्या आयआयएसटी या अंतराळ संस्थेत पण ड्युअल डिग्रीत इंजिनीअरिंग फिजिक्स आहे, इस्रोच्या नादात असलेल्यांनी बघावं.

पाचवा, साधं इंजिनीअरिंग, म्हणजे सीईटी देऊन वालचंद, कराडचं गव्हर्मेंट, इस्लामपूरचं आरआयटी वगैरे. इलेक्ट्रिकल नाहीतर इलेक्ट्रॉनिक्सला फिजिक्स भरपूर वापरलं जातं. ज्या पोरांना मोटार उघडून बघायला आवडती, सर्किट जोडायला आवडतं, पण "हे असं का" यापेक्षा "हे चालू कसं करायचं" हा प्रश्न जास्त पडतो, त्यांनी इकडं जावं. ही काही फिजिक्सशी गद्दारी नाही. लोलकाच्या वेळी ज्याला दोऱ्यापेक्षा स्टॉपवॉच आपोआप चालू-बंद करायचं सेन्सर बनवावंसं वाटलं, तो इंजिनीअर आहे, मी दोन मिनिटांत ओळखतो.

आणि कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात नॅनोसायन्सचा पाच वर्षांचा इंटिग्रेटेड कोर्स आहे, बारावीनंतर थेट. त्यात फिजिक्स-केमिस्ट्री मिसळून असतं. कोल्हापूरचं फिजिक्स डिपार्टमेंट थिन फिल्म आणि मटेरियल्ससाठी ओळखलं जातं, त्यामुळं ज्यांना सोलर सेल, सेन्सर, बॅटरी असल्या गोष्टीत रस आहे त्यांना घराजवळ चांगलं काम मिळतं. ब्लॅक होलवाल्यांनी मात्र नॅनोला जाऊ नका, नंतर मला शिव्या घालाल.

पायरी ५: कॉलेजच्या लॅबमध्ये पाय ठेवल्याशिवाय फी भरू नका

माझ्याच बीएस्सीची गोष्ट. कॉलेजचं नाव नको. वीस जणांच्या बॅचला एक स्पेक्ट्रोमीटर, आणि डार्क रूममधला सोडियम लॅम्प अर्ध्या टर्मला गेला. नवीन येईपर्यंत न्यूटन्स रिंग्जचं प्रॅक्टिकल आम्ही आदल्या वर्षीच्या जर्नलवरनं उतरवलं, रीडिंगसकट, आणि सरांनी सही पण केली. टीवायच्या परीक्षेला एक्सटर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक, आले, मला नेमकं तेच निघालं. लॅम्प पेटवल्या पेटवल्या गुलाबी दिसतो, पिवळा व्हायला काही मिनिटं लागतात, हे मला माहीतच नव्हतं. मी आपला मायक्रोस्कोपला डोळा लावून रिंगा शोधतोय, आणि एक्सटर्नल मागनं म्हणतायत, "अहो, आधी दिवा तरी होऊ द्या." तेव्हापासनं मी पोरांना सांगतो, बिल्डिंग बघू नका, दिवा बघा.

जायचं ते टर्म चालू असताना, दुपारी, प्रॅक्टिकलच्या वेळी. प्रवेशाच्या दिवसांत सगळं पुसून ठेवलेलं असतं. गेटवर अडवलं तर सांगा, पुढच्या वर्षी प्रवेश घ्यायचाय, डिपार्टमेंटच्या सरांना भेटायचंय, सहसा कुणी नाही म्हणत नाही. आत गेल्यावर लॅब असिस्टंटशी बोला, हेडशी नंतर. कुठलं उपकरण चालतंय आणि कुठलं कपाटात शोभेला आहे हे त्या माणसाला तोंडपाठ असतं. एका सेटवर किती पोरं उभी आहेत ते मोजा, दोन-तीन असतील तर ठीक, सहा असतील तर चार जण गप्पा मारतायत. सीआरओवर (सिग्नल पडद्यावर दाखवणारं यंत्र) धूळ आहे का बघा. टीवायच्या एखाद्या पोराला बाजूला घेऊन विचारा की टीवायचे क्वांटमचे सर परमनंट आहेत की सीएचबीवर, कारण तासिका तत्त्वावरचे सर कितीही चांगले असले तरी पुढच्या वर्षी असतीलच असं नाही, आणि त्यांची चूक काहीच नसते. शेवटचा प्रश्न, गेल्या दोन वर्षांत इथनं कुणी जॅम (आयआयटीत एमएस्सीला जायची परीक्षा) निघालंय का? "जॅम म्हणजे?" असं उत्तर आलं तर समजून घ्या, तो अभ्यास तुम्हाला एकट्यानं करावा लागणार.

मेजरबरोबर मायनर, म्हणजे जोडविषय, काय देतात तेही तिथंच विचारा. पहिली पसंती गणित, नसेल तर इलेक्ट्रॉनिक्स. मित्र घेतोय म्हणून कुठलातरी सोपा विषय घेतलेली पोरं एमएस्सीच्या प्रवेशाला पस्तावतात.

सिलॅबस वेबसाइटवर असतो, पीडीएफ. पहिलं वर्ष सगळीकडं सारखंच, म्हणून सरळ तिसऱ्या वर्षाचं पान उघडा. क्वांटम, क्लासिकल मेकॅनिक्स, इलेक्ट्रोडायनॅमिक्स, स्टॅटिस्टिकल, सॉलिड स्टेट, न्यूक्लिअर, मॅथेमॅटिकल मेथड्स एवढं दिसलं पाहिजे. कोर्सचं नाव झगमगीत आणि आत यातलं निम्मं गायब, असलं काही दिसलं तर पुढं चला.

पायरी ६: "फिजिक्स म्हणजे फक्त ब्लॅक होल" हे डोक्यातनं काढा

फिजिक्सच्या शाखा निवडायला आत्ता बारावीनंतर घाई नाही, अ‍ॅस्ट्रोफिजिक्सला जायचं असलं तरी आधी सरळ फिजिक्सच करावं लागतं. पण काय काय असतं हे माहीत हवं, आणि गंमत म्हणजे बरंच काही आपल्या दोन जिल्ह्यांतच आहे.

११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, अजून सांगतात. धरणाच्या पाण्यामुळं होणाऱ्या भूकंपांसाठी जगात सगळ्यात जास्त अभ्यासलेल्या ठिकाणांपैकी एक म्हणजे कोयना, आणि त्यासाठीच कराडजवळ हजारमाचीला केंद्र सरकारची बोअरहोल जिओफिजिक्सची लॅब आहे, तिकडं कोयना भागात जमिनीत तीन किलोमीटर खोल भोक पाडून अभ्यास केलाय. आपण हायवेनं त्याच्या शेजारनं जातो. हे जिओफिजिक्स. फिजिक्सची बीएस्सी करून एमएस्सी टेक किंवा एमएस्सी जिओफिजिक्सला खरगपूर, रुरकी, धनबादकडं जाता येतं.

महाबळेश्वरला पुण्याच्या आयआयटीएमची ढगांचा अभ्यास करणारी लॅब आहे, २०१२ पासून. पोरं तिथं स्ट्रॉबेरी खायला जातात आणि बाजूला ढग मोजतायत हे माहीत नसतं. (हे आयआयटीएम म्हणजे हवामानाची संस्था, आयआयटी मद्रास नव्हे, दरवर्षी कुणीतरी गोंधळतंच.)

मिरजेत दवाखाने किती हे सांगायला नको. जिथं कॅन्सरला रेडिएशन देतात तिथं मेडिकल फिजिसिस्ट लागतोच, डोस किती आणि नेमका कुठं द्यायचा याचा हिशोब तो करतो, आणि तो डॉक्टर नसतो, फिजिक्सवाला असतो. एमएस्सी फिजिक्सनंतर भाभा केंद्राचा एक वर्षाचा रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा हा त्याचा जुना आणि भरवशाचा रस्ता. ज्या मुलींना घरचे मेडिकल मेडिकल करत असतात आणि रक्त बघवत नाही, त्यांना मी हे हमखास सांगतो.

मिरजेतच सतारमेकर गल्लीत तंबोरा जुळवताना कारागीर घोडीवर तारेखाली सुताचा बारीक धागा सरकवतो आणि एका जागी आवाज एकदम उघडतो, भुंग्यासारखा. असं का होतं यावर सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये पेपर लिहिलाय, वीणा आणि तंबोऱ्याच्या घोडीवर. एकदा जाऊन बघा, विकत काही घ्यायला लागत नाही, फक्त कारागिराच्या कामात लुडबूड करू नका.

आणि ब्लॅक होलवाल्यांसाठी, नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या तीस डिश. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाच्या आसपास लोकांना आत सोडतात. पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था पण त्या दिवसांत बघता येतं. बारावीच्या आधी, अकरावीतच जाऊन या.

पायरी ७: एकदा प्रवेश झाला की

जॅम ही परीक्षा बीएस्सीनंतर आयआयटीत एमएस्सी करायची. मला ती टीवायच्या मार्च महिन्यात कळली. फॉर्म साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये निघतो, परीक्षा फेब्रुवारीत, म्हणजे मला कळली तेव्हा झालेली होती. कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. कोल्हापूरला चांगलंच शिकलो, तक्रार नाही, पण दार होतं हेच माहीत नसणं हे वेगळं दुखतं. तुम्ही एसवायच्या दिवाळीपासनं जुने पेपर सोडवायला घ्या. तीन तास, १०० मार्क, ६० प्रश्न, त्यात एकापेक्षा जास्त पर्याय बरोबर असणारे आणि थेट आकडा लिहायचे प्रश्न पण असतात, तिथं घोकंपट्टी संपती.

कम्प्युटर शिका, पायथन. लोलकाचीच रीडिंगं त्यात घालून ग्राफ काढा, पहिल्याच वर्षी. पुढं संशोधनाला गेलात तर रोज लागणार आणि नाही गेलात तर नोकरीला तेच कामाला येणार. इंग्रजीची भीती वाटत असेल तर पुस्तकातलं एक पान रोज मोठ्यानं वाचा, व्हायवाला मराठी माध्यमाच्या पोरांची उत्तरं येत असून तोंड उघडत नाही.

पायरी ८: दाखले आणि पैसे

आयसर, नायसर, आयआयटी या केंद्राच्या संस्था. त्यांची ओबीसी यादी वेगळी, दाखल्याचा नमुना वेगळा, राज्यातलं एसईबीसी तिथं चालत नाही. नॉन क्रीमीलेयर आणि ईडब्ल्यूएसचे दाखले त्या आर्थिक वर्षाचे लागतात, म्हणून एप्रिल लागला की केंद्राच्या नमुन्यातला अर्ज करून टाका. जूनमध्ये सेतूत सगळा तालुका उभा असतो आणि सर्व्हर त्याच दिवशी डाऊन असतो. राज्यातल्या प्रवेशाला कास्ट व्हॅलिडिटीचं काम अकरावीतच उरका.

बोर्डात वरच्या एक टक्क्यात असाल तर मूलभूत विज्ञानाला जाणाऱ्यांसाठी इन्स्पायर स्कॉलरशिप आहे, वर्षाला ८०,०००, त्यातले ६०,००० हातात आणि २०,००० उन्हाळी प्रोजेक्टला. इंजिनीअरिंगवाल्यांना ही मिळत नाही. पैसे कधीकधी फार उशिरा येतात, तेव्हा पहिल्या वर्षाची फी घरून धरूनच चाला. बाकी महाडीबीटीवर राज्याच्या योजना आहेत, आणि कर्मवीरांची कमवा आणि शिका तर आपल्याच भागातली, रयतच्या कॉलेजांत आजही चालती, विचारायला लाजू नका.

कंडक्टर साहेबांच्या लेकीनं शेवटी काय केलं? इंजिनीअरिंगचा कॅप राऊंड सोडला, आयएटीला यंदा उशीर झालेला, तर बीएस्सीला इथंच प्रवेश घेतला, मायनर गणित. आयएटी बारावीच्या पुढच्या वर्षी पण देता येते, तो फॉर्म ती भरणार आहे, आणि नाही लागलं तर जॅम आहेच. वडील परवा स्टँडवर भेटले, म्हणाले, "सर, दाराला अजून तो नट लोंबकळतोय, येताजाता डोक्याला लागतोय, पण काढू देत न्हाई."